ताटाची डावी बाजू

लग्न होऊन मी सोलापुरात मंद्रूपकरांच्या घरी आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी एका धडधाकट माणसाला पितरांचं ताट वाढलं.

मुद्दाम नव्हे. ताटासमोर उभी राहून मी वाढत होते, जेवणारा पलीकडच्या बाजूने बसणार हे डोक्यातून गेलं, आणि माझी डावी ती त्याची उजवी झाली. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर सगळं उजवीकडे. भाजी नि आमटी डावीकडे. दुसऱ्या घरात हा नुसता वेंधळेपणा ठरला असता. पण ह्या घरात श्राद्धाचं पान असं उलटं वाढायची रीत होती. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “अगं, जित्या माणसाचं पान असं वाढतात होय? आईनं काय शिकवलंय का नाही?”

मी रडकुंडीला आले. ताट फिरवायला वाकले, तर ज्यांचं ताट होतं त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. “राहू दे,” हे म्हणाले. “चटणी जवळ पडते.” आणि खाली मान घालून जेवले.

हे म्हणजे श्रीरंग मंद्रूपकर, एसटीतले वाहतूक नियंत्रक. तीस वर्षं स्टँडवरच्या खिडकीमागे बसून माईकवर बोलायचे. “प्रवाशांनी लक्ष द्यावे. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणमार्गे पुण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागली आहे.” अख्ख्या स्टँडला लक्ष द्यायला सांगणारा हा माणूस घरी आला की तोंड मिटून बसायचा. दिवसभराचे शब्द स्टँडवरच संपत असावेत. माझ्या शेंगाचटणीला पार मुंबईहून मागणी येते, पण घरातली दाद म्हणजे ताटातला चटणीचा ढीग साफ होणं, एवढीच. त्यावर मी पस्तीस वर्षं भागवलं आणि चांगलं भागलं, उगाच खोटं का बोलू?

निवृत्तीनंतरही हे रोज संध्याकाळी स्टँडवर जात. घोषणा करायला आता यंत्र बसवलं होतं, आणि ते यंत्र ‘टेंभुर्णी’ असं काही म्हणायचं की ऐकणाऱ्याला ते परदेशातलं गाव वाटावं. हे फलाटावर उभे राहून लोकांना नीट सांगत. कुणी नेमलं नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी, आंघोळीला जाताना, हे उंबऱ्यात बसले ते उठलेच नाहीत.

तुम्हाला माहीतच आहे, आता पक्षाघाताने माणसं पूर्वीसारखी पटापट जात नाहीत. रुग्णवाहिकेतच डोक्याचा फोटो निघाला, केसाएवढी तार मांडीतून मेंदूपर्यंत गेली आणि गुठळी घेऊन आली. आठव्या दिवशी हे काठी टेकत घरी आले. बोलणं स्वच्छ. डावा पाय थोडा ओढत, डावा हात मात्र लुळा, मांडीवर ठेवावा तसा राहणारा. लोक म्हणाले, जिवावरचं हातावर निभावलं.

दोन-तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं, की चटणीला हात लागत नाही.

आमटी, भाजी, भाकरी व्यवस्थित खायचे. डावी बाजू जशी वाढली तशी परत. तोंडाची चव गेली असेल म्हणून मी जवसाची केली, कारळाची केली, लसणाची केली. सगळ्या तशाच. एके दिवशी जेवता जेवता हे विचारतात, “चटणी संपली का गं घरातली?” चटणी समोर ताटात होती.

“डोळे फुटले का?” मी म्हणाले.

हो, मी असं म्हणाले. आजारी माणसाला. मला वाटलं, माझ्यावर कसला तरी राग आहे आणि हा माणूस मला मुद्दाम डावलतोय. ‘डावलणे’ हा शब्द कुठून आला असेल, याचा तोवर मी कधी विचार केला नव्हता.

आमची मुलगी मृण्मयी पुण्याहून आली होती. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि काही न बोलता तिने बाबांचं ताट अर्धं गोल फिरवलं. चटणी उजवीकडे आली. “अरे वा, आहे की!” म्हणून ह्यांनी बोट भरून तोंडात घातली. आणि आता डावीकडे गेलेली भाजी तशीच राहिली.

मी मृण्मयीच्या हातावर चापट मारून ताट सुलटं केलं. “जित्या माणसाचं पान आहे ते,” मी म्हणाले. बोलल्यावर कळलं, सासूबाई माझ्या तोंडून बोलल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही ह्यांना डॉक्टर नसीमा बागवानांकडे नेलं. त्यांनी कागद पुढे केला आणि घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी वर्तुळ काढलं, आणि एकपासून बारापर्यंतचे सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले. डावा अर्धा कोरा. वर विचारलं, “बरोबर आहे ना?”

“काका, स्टँडच्या दारात उभे आहात असं समजा,” बागवानबाई म्हणाल्या. “समोर काय काय दिसतं, सांगा.”

ह्यांनी डोळे मिटले आणि घडाघडा सांगितलं. चौकशीची खिडकी, कॅन्टीन, पुण्याचा फलाट, बार्शीचा फलाट. सगळं उजव्या हाताचं.

“आता आतल्या टोकाला जा आणि दाराकडे तोंड करून उभे राहा.”

आता तुळजापूरचा फलाट आला, अक्कलकोटचा आला, पेपरवाल्याची टपरी आली. आणि मघाशी सांगितलेलं कॅन्टीन नाहीसं झालं. तीस वर्षं ज्या स्टँडवर काढली, तो डोक्यात अख्खा शाबूत होता. पण ज्या बाजूने बघावं त्या बाजूचा डावा अर्धा गळून पडत होता.

बागवानबाईंनी मला बाहेर बसवून समजावलं. “काकू, काकांचे डोळे ठणठणीत आहेत. लक्ष गेलंय. आपल्या मेंदूचा उजवा भाग दोन्हीकडे लक्ष ठेवतो, डावा भाग मात्र जास्त करून उजवीकडेच. म्हणून डावा दुखावला तर उजवा सांभाळून घेतो. पण उजवा दुखावला की डावीकडे बघणारं कुणी उरत नाही. त्यात दोघांचा कायम एकमेकांवर वचक असतो. एक भाऊ अंथरुणाला खिळला की दुसरा शेफारतो ना, तसा काकांचा डावा मेंदू शेफारलाय. तो सगळं लक्ष उजवीकडे ओढतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही हरवलंय हेच काकांना कळत नाही. डावीकडे अंधार आहे असं नाही. डावीकडे त्यांच्यासाठी काही नाहीच.”

“मी जेवताना त्यांच्या डावीकडे बसते,” मी म्हणाले. पस्तीस वर्षं तीच माझी जागा.

बाईंनी माझा हात थोपटला.

घरी आल्यावर मी जागा बदलायची म्हटली असती तर बदलता आली असती. पण उजवीकडे भिंत होती, आणि माझ्या स्वभावात हट्ट होता. मी तिथेच बसून सारखी म्हणत राहिले, “मान वळवा. डावीकडे बघा.” हे मान वळवत, चटणी सापडे, मी सापडे, हे हसत. पुढच्या घासाला पुन्हा दोघी गायब.

मग ते हाताचं सुरू झालं.

दुपारची वेळ. मी शेंगा भाजत होते. आतून बोलणं ऐकू आलं म्हणून डोकावले, तर हे पलंगावर पडलेले आणि उजव्या हातात स्वतःचाच लुळा डावा हात धरलेला. त्या हाताशी बोलत होते.

“दमलीस ना गं शैले?” हे म्हणत होते. “किती गार पडलाय हात. पड जरा इथं.”

शैले म्हणजे मी. शैलजा. मला ‘शैले’ म्हणून हाक मारलेली मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकली नव्हती.

बागवानबाईंनी सांगितलं, असं होतं. डावी बाजू आपली वाटतच नाही, आणि पलंगात एक जास्तीचा हात सापडला की मेंदू त्याला मालक शोधून देतो. काही जणांना तो डॉक्टरचा वाटतो, काहींना मेलेल्या भावाचा. “काकांना तुमचा वाटतोय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नशीबवान.”

कसली नशीबवान! रोज दुपारी मी दाराआड उभी राहून ऐकायचे. पस्तीस वर्षं अडून राहिलेलं सगळं त्या हाताला मिळत होतं. मृण्मयीच्या वेळी मी दवाखान्यात होते तेव्हा हे स्टँडवर चुकीची गाडी पुकारून बसले होते, ते त्या हाताला कळलं. माझ्या निळ्या साडीचं कळलं. आणि एकदा हे म्हणाले, “शैले, तू उलटं ताट वाढलंस ना त्या दिवशी? किती घाबरली होतीस. मला तवाच वाटलं, ही आपली. हिला कुणी काय बोलायचं नाही.”

माझ्या हातून झारा पडला. आवाज होऊनही ह्यांनी वळून पाहिलं नाही. दार डावीकडे होतं.

एका दुपारी न राहवून मी आत गेले, पलंगाला वळसा घालून तो लुळा हात हळूच सोडवला आणि ह्यांच्या मुठीत माझा दिला. ह्यांनी तो चाचपला. चटण्या कुटून कुटून माझ्या हाताला घट्टे पडलेत. “हा कुणाचा?” हे म्हणाले. “हा खरबरीत आहे. शैलेचा हात मऊ आहे.” आणि माझा हात बाजूला ठेवून स्वतःचा शोधू लागले.

सवत असावी तर अशी. मी स्वयंपाकघरात जाऊन आधी हसले आणि मग रडले.

त्याच सुमारास बागवानबाईंकडे ‘तोल’ आला. कपाळाला बांधायचा पट्टा. कानाला ऐकू न येणारा एक आवाज तो कवटीतून आत सोडतो, आणि शेफारलेल्या डाव्या मेंदूला दमात घेतो. डावा गप्प झाला की आजारी उजव्याला डोकं वर काढायला जागा मिळते. चिरफाड नाही, औषध नाही. रोज सहा तास बांधायचा, नव्वद दिवस. मग तोल कायमचा बसतो, पट्ट्याची गरज उरत नाही.

पट्टा बांधून वीस मिनिटं झाली. मी नेहमीसारखी डावीकडे बसले होते. ह्यांची मान हळूहळू वळली, कुणी न सांगता. माझ्याकडे बघत राहिले. किती तरी वेळ. मग डोळे भरून आले.

“तू... इथंच होतीस?” हे म्हणाले.

“इथंच,” मी म्हणाले. “कुठं जाणार?”

त्या दिवशी ताट साफ झालं. डावी बाजू, उजवी बाजू, सगळं. दुपारी हे पलंगावर पडले, डावा हात उचलून तोंडापुढे धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि खाली ठेवून दिला. तो आपलाच आहे हे त्यांना कळलं होतं. त्या दुपारी घरात काही ऐकू आलं नाही.

शब्द कधी जायला लागले ते मला नेमकं सांगता येणार नाही, कारण हे घरात मुळातच कमी बोलायचे. पण एका संध्याकाळी मृण्मयीने सहज फोनवर विचारलं, “बाबा, पुण्याची गाडी कुठून कुठून जाते?” हे म्हणाले, “मोहोळ... मोहोळ...” आणि माझ्याकडे पाहू लागले. टेंभुर्णी सापडत नव्हती.

बागवानबाईंनी लपवाछपवी केली नाही. माणसाची भाषा बहुतेक डाव्याच मेंदूत असते. त्याला गप्प करायचं म्हणजे तिच्या अंगणात पाय पडणारच. बहुतेकांना चालतं, काहींना नाही. काका त्या काहींतले. पट्टा सोडला तर शब्द परत येतील, आणि डावी बाजू पुन्हा जाईल. नव्वद दिवस पुरे केले तर डावी बाजू कायमची राहील, आणि शब्द कदाचित कायमचे जातील. “चाळीस दिवस झालेत,” त्या म्हणाल्या. “पुढे जायचं तर नवीन संमतीपत्र लागेल. सही काकांची.”

पट्टा दोन दिवस उतरवून ठेवला. हे पुन्हा बोलते झाले. मग मी संमतीपत्र पुढ्यात ठेवलं. त्यात दोन ओळी ठळक छापल्या होत्या. ‘डावीकडचे न दिसण्याची तक्रार कायमची जाऊ शकते.’ आणि ‘बोलण्याची शक्ती कायमची जाऊ शकते.’ ह्यांना दोन्ही ओळींचा उजवा अर्धाच दिसला. ह्यांनी स्टँडवरच्या आवाजात वाचलं, “कायमची जाऊ शकते. कायमची जाऊ शकते.” मग चष्मा काढून म्हणाले, “एकच गोष्ट दोनदा कशाला छापलीय?”

मी मोठ्याने पूर्ण वाचून दाखवलं. “डावीकडचं दिसत नाही कुणाला?” हे म्हणाले. “मला सगळं दिसतंय की. कशाला नस्ती भानगड?”

पट्टा बांधून पुन्हा विचारलं. आता ह्यांना अख्खा कागद दिसत होता, मी दिसत होते, काय हरवलं होतं ते कळत होतं. बोट ओळीवर ठेवून ते बसून राहिले. ओठ हलले, शब्द आला नाही. नुसतं माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्याचा अर्थ हो होता की नको, ते मी आजतागायत ठरवू शकलेले नाही.

म्हणजे जेव्हा हे बोलू शकत होते तेव्हा काय गमावलंय ते माहीत नव्हतं, आणि माहीत होतं तेव्हा बोलता येत नव्हतं. अशा वेळी जवळच्या माणसाची सही चालते, ती माझ्यावर आली.

मृण्मयी फोनवर ओरडली, “आई, पट्टा ठेव! बाबा रस्ता कसा ओलांडणार? डावीकडून काय आलं तर?”

“मी आहे ना डावीकडे,” मी म्हणाले. “मी चालेन त्या बाजूने.”

“शब्द गेले तरी बाबा असतील, आई.”

मी तिला सांगितलं, की ज्या माणसाने जन्मभर गावांची नावं घेतली त्याच्या तोंडून टेंभुर्णी काढून घ्यायचा मला हक्क नाही. हे खरंच होतं. पण सगळं खरं नव्हतं. खरं हे होतं, की मला माझ्या दुपारी परत हव्या होत्या. माझ्याशी नाही तर नाही, त्या हाताशी. पण माझ्या नावाने बोललेलं मला दाराआडून ऐकायचं होतं. पस्तीस वर्षांची भूक होती. मी पट्टा परत केला.

पाच महिने मला त्या दुपारी मिळाल्या. बाहेर जाताना मी ह्यांच्या डाव्या अंगाला चालायचे, दंडाला धरून. स्टँडवर हे यंत्राची चूक सुधारत, मी कडेला उभी राहून ऐकत असे.

मग एका संध्याकाळी दिवाळीच्या चटणीचा घाणा उखळात होता. “चल,” हे म्हणाले. मी म्हणाले, “दहा मिनिटं थांबा.” हात धुऊन आले तोवर हे निघून गेले होते.

गाडी नव्हती, अपघात नव्हता, कुणाची चूक नव्हती. हे फलाटावर एका बाईला अक्कलकोटची गाडी सांगत होते, सांगता सांगता एक पाऊल डावीकडे टाकलं. तिथे फलाट संपत होता. जेमतेम हातभर उंची. खुब्याचं हाड मोडलं, मग छातीत कफ भरला. मेंदूतली गुठळी तारेने काढणाऱ्या ह्या काळात माझा नवरा हातभर उंचीवरून पडून बावीस दिवसांत गेला.

शेवटच्या दिवसांत मी उजवीकडे बसले. ह्यांनी मला ओळखलं. म्हणाले, “तू इकडं कशी?” मग उजव्या हाताने तो मऊ हात घट्ट धरून डोळे मिटले. मी तो सोडवला नाही.

गेल्या आठवड्यात वर्षश्राद्ध झालं. केळीचं पान मीच मांडलं. शेंगाचटणीत लसूण असतो, श्राद्धाला चालत नाही; मी केली. पानासमोर उभी राहिले आणि लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवशी वाढलं होतं तसं वाढत गेले. ह्या वेळी चुकले नव्हते. मीठ उजवीकडे, लिंबू उजवीकडे. चटणीचा चमचा घेतला आणि हात तिथेच थांबला. जिथे ह्यांना दिसली असती, तिथे चटणी आज येत होती. नुसतं ताट फिरवायचं होतं. नुसतं मी उठून पलीकडे बसायचं होतं. भिंत होती तर पाट सरकवता आला असता. ते मी ह्यांच्या जिवंतपणी केलं नाही, एक अपशकुन होईल म्हणून, दुसरं हट्टापायी.

मी चटणी वाढली. आणखी वाढली.

“आई,” मृण्मयी हळूच म्हणाली, “पुरे की. नैवेद्याचं पान आहे. एवढी चटणी उजवीकडे...”

“राहू दे,” मी म्हणाले. “त्यांना जवळ पडते.”